'शेतकऱ्यांची चिंता' म्हणजे चिंता कुणाची?

ताई, मी तासगाव तालुक्यातली. मराठी शाळेत शिकले, बी.कॉम. झाले आणि गेली काही वर्षं एका द्राक्ष निर्यातदाराच्या ऑफिसात आहे. हिशेब मी बघते आणि परदेशी व्यापाऱ्यांना मेलही मीच लिहिते. २०२४ च्या हंगामात जहाजं उशिरा पोचायला लागली तेव्हा मालक म्हणाले, "शेतकऱ्यांची चिंता वाढत चाललीय, तेवढं कळव त्यांना." मी रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला लिहिलं, 'देअर इज ग्रोइंग कन्सर्न अबाउट अवर फार्मर्स.' अर्ध्या तासात त्याचा उलट मेल आला : शेतकऱ्यांचं काय झालं? फवारणीत काही घोळ आहे का? रेसिड्यूचे (फळात उरलेल्या औषधांच्या अंशांचे) रिपोर्ट पुन्हा पाठवा. मालकांनी फोन करून निस्तरलं, पण त्यांच्या मुलाने तो मेल सगळ्या ऑफिससमोर मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हापासून मी एकेक मेल चार-चार वेळा खोडते.

यंदा दुसरंच झालं. ताळेबंदाच्या टिपांमध्ये 'गोइंग कन्सर्न' असं होतं. मला वाटलं, टायपिंगची चूक. मी ते 'ग्रोइंग कन्सर्न' केलं. सीएंकडून कागद परत आला, त्या शब्दाभोवती लाल गोल आणि शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह.

हे 'ग्रोइंग कन्सर्न' प्रकरण नक्की वापरायचं कसं? आधी 'अ' लावायचा की नाही? अबाउट, ओव्हर, फॉर, ऑफ यांतलं कुठलं कुठे? इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का? पंधरा हजार सांगताहेत. मला अगं-तूगं केलंत तरी चालेल.

— घोर लागलेली

ता.क. त्याच व्यापाऱ्याने परवा अवकाळी पावसाच्या बातम्या वाचून आम्हा सगळ्यांची विचारपूस केली. त्याला 'थँक यू फॉर युअर कन्सर्न' असं लिहिलं तर चालेल का? लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही.

• • •

प्रिय घोर लागलेली,

आधी त्या मेलचं बघू, कारण तो तुझ्या मनातून गेलेला नाही. चूक तुझ्या इंग्रजीत नव्हती गं. ती मालकांच्या मराठी वाक्यात आधीच दडून बसली होती. 'शेतकऱ्यांची चिंता वाढत चाललीय' याचे अर्थ दोन निघतात. शेतकरी चिंतेत आहेत, हा एक. आणि आपल्याला शेतकऱ्यांबद्दल चिंता वाटतेय, हा दुसरा. आई जी काळजी करते तीही 'आईची काळजी' आणि आपल्याला आईबद्दल वाटते तीही 'आईची काळजी'. मराठीतला हा 'ची' दोन्ही दारांनी आत येतो आणि आपलं काही अडत नाही, कारण ऐकणारा त्याच ऑफिसात बसलेला असतो, सकाळपासून बागायतदारांचे फोन त्यानेही घेतलेले असतात. कोण कशापायी हवालदिल झालंय ते त्याला सांगावं लागत नाही.

इंग्रजीत मात्र दार निवडावं लागतं. चिंता ज्यांच्या मनात आहे त्यांच्याआधी 'अमंग' आणि ज्या गोष्टीपायी आहे तिच्याआधी 'अबाउट'. तू शेतकऱ्यांना 'अबाउट'च्या मागे बसवलंस, म्हणजे चिंतेचं कारण तेच ठरले. व्यापाऱ्याने तू लिहिलंस तेच वाचलं, अगदी बरोबर वाचलं. आणि तो दचकला याचं मला जराही नवल वाटत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, ते या धंद्यातलं कुणी विसरलेलं नाही. 'कन्सर्न' आणि 'फार्मर्स' हे शब्द एका ओळीत दिसले की तिकडचा माणूस पहिल्यांदा रेसिड्यूचाच कागद मागणार.

तुला लिहायचं होतं ते असं : 'देअर इज ग्रोइंग कन्सर्न अमंग अवर फार्मर्स अबाउट द डिले.' शेतकऱ्यांत चिंता, उशिराबद्दल चिंता. दोन जागा, दोन शब्द. यातली एक जागा रिकामी ठेवलीस तरी निभेल, पण अदलाबदल झाली की अर्थ पार उलटा होतो.

आता तुझी शब्दांची यादी. ती नियम म्हणून पाठ करू नकोस, त्याच हंगामाकडे बघ. २०२३ च्या नोव्हेंबरात लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, डिसेंबरपासून मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि न्हावा शेवाहून निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून युरोपात जायला लागले. दहा-बारा दिवस, कधी त्याहूनही जास्त वाढले. द्राक्षाच्या पेटीला दहा-बारा दिवस म्हणजे काय, ते तू मला शिकवशील. देठ सुकतो, मणी मऊ पडतो, घड हलवला की मणी गळतात.

त्या दिवसांत बातम्यांत यायचं 'ग्रोइंग कन्सर्न ओव्हर द अटॅक्स'. घडलेली किंवा घडत असलेली घटना, सरकारी निर्णय, वाद, हल्ला अशा चारचौघांत चर्चा चाललेल्या गोष्टीला 'ओव्हर' शोभतो. बातमीदारांचा तो लाडका शब्द आहे. तुझ्या पेटीतल्या मालाबद्दल तू लिहिशील 'कन्सर्न अबाउट द क्वालिटी'. हे रोजच्या वापराचं, कुठेही चालणारं. अडखळलीस तर 'अबाउट' घे, सहसा फसणार नाहीस. आणि त्या जहाजांवर जे खलाशी होते, ज्यांच्या घरी कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्यांच्यासाठी 'कन्सर्न फॉर द क्रू'. 'फॉर' लागतो तेव्हा त्यात जिव्हाळा असतो, समोरच्याचं बरं व्हावं ही इच्छा असते. म्हणून तब्येत, सुरक्षितता, कल्याण यांच्याआधी 'फॉर' येतो : 'कन्सर्न फॉर देअर सेफ्टी'. द्राक्षांबद्दल 'अबाउट' आणि खलाशांबद्दल 'फॉर', एवढं डोळ्यांसमोर ठेवलंस तरी पुरे.

'ऑफ' तू का घालतेस ते मला कळतं. आपला 'ची' तिथे दिसतो म्हणून. 'कन्सर्न ऑफ पेमेंट', 'कन्सर्न ऑफ रेन' अशी वाक्यं मी इतकी तपासली आहेत की दुरून ओळखता येतात. पाऊस आणि पेमेंट यांना काही कशाची चिंता नसते. तिथे 'अबाउट' हवा. आणि 'कन्सर्न्ड विथ' हा वेगळाच पक्षी आहे. त्यात चिंतेचा लवलेश नाही. 'धिस रिपोर्ट इज कन्सर्न्ड विथ रेसिड्यू' म्हणजे हा रिपोर्ट रेसिड्यूविषयी आहे, बस. पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर या कशाचीच गरज नाही, 'दॅट' लाव : 'देअर इज ग्रोइंग कन्सर्न दॅट द फ्रूट विल अराइव्ह लेट.'

'अ' लावायचा की नाही, याचं उत्तर तुझं वाक्य कशापासून सुरू होतं त्यावर आहे. 'देअर इज' पासून सुरू होत असेल तर 'अ' नसलेला बरा. तिथे चिंता हवेसारखी आहे, पसरलेली, मोजता न येणारी. 'देअर इज अ ग्रोइंग कन्सर्न' असंही लिहितात आणि त्याला चूक म्हणता येणार नाही, पण 'अ'शिवाय वाक्य स्वच्छ चालतं. एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवून 'ही चिंतेची बाब होत चाललीय' म्हणायचं असेल तर मात्र 'अ' हवाच : 'डिले इज अ ग्रोइंग कन्सर्न.' आपल्याकडे 'चिंता' आणि 'चिंतेची बाब' असे दोन शब्दप्रयोग आहेत ना, तोच फरक. 'चिंता'ला 'अ' नको, 'बाबी'ला हवा. बाबी अनेक असल्या तर 'कन्सर्न्स'.

यापेक्षा जास्त जपायची जागा दुसरीच आहे आणि ती तू विचारलेली नाहीस. शेवटचा 'ड'. 'आय ॲम कन्सर्न' असं आपल्याकडे सर्रास बोलतात, कारण तो 'ड' कानाला ऐकूच येत नाही. बोलण्यात खपून जातं, लिहिण्यात खपत नाही. 'आय ॲम कन्सर्न' म्हणजे 'मी चिंता आहे'. चिंतेत असलेला माणूस 'कन्सर्न्ड', आणि त्याच्या मनात असते ती 'कन्सर्न'. 'आय ॲम ग्रोइंग कन्सर्न्ड' हे अगदी बरोबर आहे, जरा भारदस्त वाटतं इतकंच. साधं हवं असेल तर 'आय ॲम इन्क्रीझिंगली कन्सर्न्ड'. 'ग्रोइंगली' हा शब्द मात्र सहसा कुणी वापरत नाही.

याच 'ड'ने मला एकदा चांगलंच पकडलं होतं. वडिलांच्या पेन्शनचं काम अडलं होतं आणि मी परदेशातल्या नातेवाइकाला कागद तपासायला पाठवला. त्यात मी लिहिलं होतं 'द कन्सर्न्ड ऑफिसर', म्हणजे संबंधित अधिकारी. त्याने विचारलं, अधिकाऱ्याला कसली चिंता पडलीय? आपल्या देशातल्या सरकारी इंग्रजीत 'कन्सर्न्ड ऑफिसर' रुळलेला आहे, इथल्या पत्रात तो तसाच राहू दे. पण रॉटरडॅमला किंवा लंडनला लिहिताना त्याला मागे टाक : 'द ऑफिसर कन्सर्न्ड'. पुढे असला की चिंतित, मागे असला की संबंधित.

आणि हे दोन अर्थ एका शब्दात आले कसे, ते कळलं की तुझ्या लाल गोलाचंही उत्तर मिळतं. या शब्दाच्या पोटात लॅटिन 'केर्नेरे' आहे, म्हणजे चाळणे, चाळणीने निवडणे. पुढे त्याचा अर्थ झाला 'संबंध असणे'. 'टू हूम इट मे कन्सर्न' म्हणजे ज्यांचा संबंध असेल त्यांना. चिंता अजून कुठेच नाही. मग या संबंधातून दोन फांद्या फुटल्या. ज्याच्याशी आपला संबंध, त्याच्यापायीच जीव टांगणीला लागतो, म्हणून एका फांदीवर काळजी. आणि ज्या कामाशी, व्यवहाराशी माणसाचा संबंध, तो त्याचा धंदा, म्हणून दुसऱ्या फांदीवर 'कन्सर्न' म्हणजे पेढी, कारखाना, कंपनी.

'गोइंग कन्सर्न' या दुसऱ्या फांदीवरचा आहे. चालता धंदा. ताळेबंद मांडताना धरून चाललेलं असतं की हा धंदा पुढेही चालू राहणार आहे, तो गुंडाळायचा विचार नाही आणि तशी वेळही आलेली नाही. तू बी.कॉम. आहेस, हिशेबाच्या मूळ गृहीतकांत गोइंग कन्सर्न, कन्सिस्टन्सी आणि ॲक्रुअल ही त्रिकुटं तू परीक्षेत लिहिली असशील. परीक्षेत लिहिलेला शब्द ऑफिसात ओळखू आला नाही, असं पुष्कळांचं होतं, कारण तो आपण पाठ केलेला असतो, पाहिलेला नसतो. म्हणून पाहा. तुमच्या पॅकहाऊसमधलं प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर. पुस्तकात त्यांची किंमत घसारा वजा जाता धरली आहे, कारण पुढचे अनेक हंगाम ती यंत्रं द्राक्षं गार करणार आहेत असं आपण मानतो. उद्या धंदा बंद करायचं ठरलं तर तीच यंत्रं भंगारवाला काय देईल त्या भावाने मांडावी लागतील आणि सगळा ताळेबंद बदलेल. त्या एका शब्दावर इतकं उभं आहे.

ऑडिटर ते कसं तपासतात यासाठी एसए ५७० नावाचं वेगळं मानकच आहे. भारतीय मानकांत पुढचे किमान बारा महिने तरी विचारात घ्यायला सांगितलं आहे. जिथे धंदा तग धरेल की नाही याची गंभीर शंका असते तिथे ऑडिटर रिपोर्टात त्यासाठी स्वतंत्र मथळा घालतात आणि बँका तो मथळा सर्वांत आधी शोधतात. आता विचार कर, अशा जागी 'ग्रोइंग कन्सर्न' असा शब्द गेला तर वाचणाऱ्याला काय वाटेल? 'वाढत्या चिंतेच्या आधारावर हे हिशेब तयार केले आहेत.' सीएंनी नुसतं प्रश्नचिन्ह न काढता दोन ओळी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी कागद परत पाठवला हे बरोबरच केलं.

'ग्रोइंग'बद्दल माझं एक मत आहे, ते सांगते. वाढत चाललीय म्हणायला आधी थोडी असावी लागते. पहिल्याच मेलमध्ये 'ग्रोइंग कन्सर्न' लिहिलंस तर समोरचा मागचे मेल शोधत बसेल. पहिल्या वेळी नुसतं 'कन्सर्न', आठवड्याने जहाज अजून समुद्रातच असेल तर 'ग्रोइंग कन्सर्न'. आणि पैशांची गोष्ट असेल तेव्हा या शब्दांचा आडोसा घेऊच नकोस. 'देअर इज ग्रोइंग कन्सर्न' या वाक्यात माणूसच नाही. कुणाला चिंता आहे ते सांगायचं नसतं तेव्हा ते सोयीचं पडतं. मी बरीच वर्षं बातम्यांच्या भाषांतराचं काम केलं. या वाक्याचं मराठी करताना 'वाढती चिंता व्यक्त होत आहे' असं लिहून मोकळं व्हायची सवय आम्हाला सगळ्यांनाच लागली होती. व्यक्त कोण करतंय, ते कुणी विचारायचं नाही. तुमच्या मालकांचं 'चिंता वाढत चाललीय' त्याच्यापेक्षा कितीतरी जिवंत आहे. थकलेल्या पेमेंटसाठी सरळ 'वुई' ने सुरू कर : 'वुई आर कन्सर्न्ड अबाउट द पेमेंट', आणि पुढे रक्कम आणि तारीख. इंग्रजी व्यवहारात 'वुई आर कन्सर्न्ड' हे सभ्य भाषेतलं पण ठाम बोलणं आहे. आपल्याला ते मवाळ वाटतं, त्यांना वाटत नाही.

क्लासचे पंधरा हजार राहू देत. स्पीकिंगचा क्लास तुला बोलायला लावेल, तुझी अडचण लिहिण्याची आहे. त्यापेक्षा व्यापाऱ्यांचे गेल्या दोन हंगामांतले मेल काढ आणि त्यांत 'कन्सर्न' शोध. जिथे सापडेल ते अख्खं वाक्य वहीत उतरवून घे, तारखेसकट, कशावरून लिहिलं होतं त्यासकट. तुझ्या डच व्यापाऱ्याचं इंग्रजीही शिकून आलेलं आहे, ते त्याच्या आईचं नाही. त्याची वाक्यं आखूड असतील, कामापुरती असतील, आणि तुला तशीच हवी आहेत. लिहायच्या आधी मनात मराठीतच विचार : चिंतेत कोण आहे, आणि कशापायी? हे दोन्ही सुटे झाले की मग इंग्रजीला हात घाल. चार वेळा खोडण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो.

मालकांच्या मुलाबद्दल. त्याने केलं ते वाईट होतं, आणि तुला लागलं यात तुझा हळवेपणा काही नाही. कुणाची चूक चारचौघांत वाचून दाखवल्याने ती सुधारत नाही, पुढच्या वेळी माणूस विचारायला मात्र येत नाही. तुझं तेच झालंय. ताळेबंदात शंका आली तेव्हा तू कुणाला विचारलं नाहीस, स्वतःच बदललंस, कारण विचारायची भीती बसली होती. मुलाला नाही सांगवत तर मालकांना सांग. चिडून नको, एवढंच सांग की 'मेल जायच्या आधी कुणीतरी एकदा वाचून द्या, गेल्यावर नको.' ज्या ऑफिसातून कंटेनरभर माल एका मेलवर जातो तिथे ही मागणी अजिबात मोठी नाही. आणि सीएंच्या ऑफिसात फोन करून 'गोइंग' पूर्ववत केल्याचं तू स्वतः कळव.

राहिला तुझा ता.क. तू सहीत 'घोर लागलेली' लिहिलंस तेव्हाच मला वाटलं, या मुलीला शब्दांचं वजन कळतं. आपल्याकडे घोर लागतो, चिंता वाटते, काळजी करतात आणि काळजी घेतातही. क्रियापद बदललं की त्याच काळजीचा त्रास होतो किंवा माया होते. इंग्रजी 'कन्सर्न'मध्येही ही माया आहे, आणि तुझ्या व्यापाऱ्याने पाऊस ऐकून तुमची चौकशी केली ती त्याच पोटी. दोन वर्षांपूर्वी ज्याने रेसिड्यूचे रिपोर्ट मागितले होते तोच हा माणूस. 'थँक यू फॉर युअर कन्सर्न' हे पूर्ण बरोबर आहे. वाटल्यास पुढे एक ओळ घाल, बागांचं काय झालं, मणी तडकले का, माणसं सुखरूप आहेत ना. त्याने विचारलंय तर त्याला ऐकायचं असेल. पण वाक्याला हात लावू नकोस. आज जेवायच्या सुट्टीआधी पाठवून दे.

— तुझी ताई